दहा फुटांचा निरोप

मे महिना. लातूरला माझी साडेसहाची बॅच चालू होती. फळ्यावर लेन्झचा नियम अर्धा उतरला होता आणि आमच्या गावाहून, औशाहून, घराशेजारच्या काकूंचा फोन आला. शिकवताना मी फोन घेत नाही, पण काकू उगं फोन करणाऱ्यातल्या नाहीत.

"अरे, तुमची टाकी सांडायलीय. गल्लीत लोंढा आलाय नुसता. कुठं गेलेत तुझे आई-अण्णा?"

आई-अण्णा आदल्या दिवशीच निलंग्याला लग्नाला गेले होते. मी ॲप उघडलं. मोटारीच्या चित्रावर चक्र गरगरत राहिलं आणि खाली ओळ आली, डिव्हाइस ऑफलाइन आहे. ऑफलाइन होती ती. बंद नव्हती. शेवटी काकूंच्या पोरानं भिंतीवरून उडी टाकली आणि ओसरीतला मेन स्विच खाली ओढला. तोवर दीड तास झाला होता.

झालं होतं ते असं. टाकीत पाण्याची पातळी सांगणारा एक सेन्सर होता आणि खाली मोटारीला वायफायचा प्लग. दोन्हींत अंतर दहा फूट. टाकी भरली की मोटार बंद, असा नियम मी ॲपमध्ये घालून ठेवला होता आणि दोन महिने तो बिनबोभाट चालला. मला वाटायचं, सेन्सर प्लगला सांगतो. तसं नव्हतंच. सेन्सर राउटरला सांगायचा, राउटर कुठल्या तरी परमुलखातल्या सर्व्हरला. नियम तिथं लिहिलेला. तो वाचून सर्व्हर परत राउटरला आणि राउटर प्लगला. त्या पहाटे रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीनं इंटरनेटची वायर उचकटली. मोटार चालू करायची वेळ प्लगच्याच पोटात होती, ती काही चुकली नाही. बंद करायचं डोकं तेवढं बाहेरगावी.

पाणी सांडणं म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मार्च २०१६ मध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून कलम १४४ लावलं होतं. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात आमची आई भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना आणि भांड्यांचं पाणी संडासात वापरायची. त्याच घरच्या टाकीतून आता दीड तास धार लागली होती, आणि तीही घर 'स्मार्ट' केल्यामुळं.

संध्याकाळी औशाला पोचलो तेव्हा गल्लीतल्या चिखलानं वाळून पापुद्रे धरले होते. कुणी काही बोललं नाही. कोपऱ्यावरच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, "मोटार शिकलेली हाय म्हणं तुमची."

अण्णा एकतीस वर्षं बोर्डात वायरमन होते. खांबावर चढून आयुष्य काढलेला माणूस. घरात काही बिघडलं की ते रागावत नाहीत, शर्टाच्या खिशातला टेस्टर काढतात. लग्नाहून आल्यावर त्यांनी प्लग हातात घेतला, उलटासुलटा केला आणि एकच विचारलं, "ह्याला बंद हो म्हणून निरोप कुठून येतो?" मी सगळी वरात सांगितली, परमुलखातल्या त्या सर्व्हरला क्लाउड म्हणतात हेही. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "क्लाउड म्हणजे ढगच ना?" हा विनोद तुम्हालाही केव्हाच सुचला असेल. मराठवाड्यात तो विनोद म्हणून कुणी घेत नाही.

तो प्लग मी का घेतला होता? स्वस्त होता म्हणून. स्वस्त म्हणजे काय, याचा मात्र विचार केला नव्हता. वस्तूचे पैसे आपण दुकानात एकदा मोजतो. पण वस्तू चालायला कुणाचा तरी सर्व्हर रोज जागा लागत असेल, तर त्याचं भाडं कुणीतरी भरत असतंच, आणि ज्या दिवशी त्याला ते परवडत नाही त्या दिवशी आपल्या भिंतीवर प्लास्टिकचा डबा उरतो. हे माझं रडगाणं नाही, झालेलं आहे. रिव्हॉल्व्ह नावाचा हब होता, म्हणजे घरातल्या सगळ्या स्मार्ट वस्तू एकत्र चालवणारा डबा, किंमत ३०० डॉलर. ती कंपनी गूगलच्या भावकीतल्या नेस्टनं विकत घेतली आणि २०१६ च्या मे महिन्यात हबची सेवाच बंद केली. अशाच वस्तू विकणाऱ्या इन्स्टिऑन कंपनीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये असेच अचानक गप झाले. लोकांना कळलं ते घरातले नियम चालेनात तेव्हा. महाग घेतलं तर टिकेल, ही समजूत त्यामुळं माझ्यापुरती संपली.

मग शोधायला बसलो. इथं एक गोष्ट हाती लागली ती मी अजून कौतुकानं सांगतो. या स्वस्त वायफाय प्लगांच्या पहिल्या पिढीत बहुतेक एकच चिप असायची, ईएसपी-८२६६. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची, २०१४ च्या सुमाराची. चिप काही दुष्ट नाही. तिच्यात भरलेला प्रोग्रॅम तिला लांबच्या मालकाकडं धाव घ्यायला सांगतो, इतकंच. तो पुसून दुसरा भरता येतो. नेदरलँड्सच्या थिओ अरेंड्स यांनी २०१६ पासून असा एक प्रोग्रॅम लिहिला आणि सगळ्यांना खुला ठेवला; त्याचं नाव टास्मोटा. तो भरला की प्लगचं स्वतःचं एक पान घरातल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. खातं नाही, पासवर्ड परदेशात नाही. घरातल्या वस्तू एकमेकींशी एमक्यूटीटी नावाच्या बोलीत बोलतात. ही बोली १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनींवर लक्ष ठेवायला केली होती; उपग्रहाचा निरोप महाग पडायचा म्हणून कमीत कमी अक्षरांत. आपल्या जुन्या तारेसारखी. "पाठवा", "पोचलो", "भरली".

पण लगेच बाजारात धावू नका. मी धावलो आणि चार प्लग आणले, डबे सारखे, फोटो सारखे. उघडले तर दोघांत ईएसपी आणि दोघांत भलतीच चिप. कंपन्या डबा तोच ठेवून आतला माल बदलतात. भलत्या चिपांसाठीही खटपटी लोकांनी प्रोग्रॅम केलेत, पण पहिल्यांदाच करणाऱ्यानं त्या वाटेला जाऊ नये. आणि प्रोग्रॅम भरताना प्लग भिंतीत खोचलेला नसावा, कधीच. या प्लगांच्या आतल्या पट्टीवर भिंतीतली लाईन थेट खेळत असते. मी लॅपटॉप जोडून प्लग बोर्डात लावायला निघालो तेव्हा अण्णांनी मनगट धरलं. "लाईन बंद करून मग हात," एवढंच म्हणाले. माझी पदव्युत्तर भौतिकी त्या वेळी कुठं होती कुणास ठाऊक.

मोटारीचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं आणि त्या दोन रविवारांचा मला फार लोभ आहे. पहिली गोष्ट, अण्णांनी प्लग मोटारीवर ठेवूच दिला नाही. प्लगवर '१६ अँपिअर' छापलेलं असतं. एक एचपीची मोटार चालताना पाच-सहा अँपिअर ओढते, मग हरकत काय, असं मी म्हणालो. त्यांनी जुना प्लग उकलून आतली रिले, म्हणजे करंट जोडणारा-तोडणारा छोटा स्विच, दाखवली. दोन्ही टोकं काळी पडलेली, एका बाजूला तांबूस गोळा धरलेला. "सोळा हा गिझरचा आकडा. मोटार उठताना कितीतरी पट ओढती. चार महिन्यांत हे चिकटलं असतं. मग तुझं क्लाउड चालू असो का बंद, मोटार काही थांबत नव्हती." म्हणजे आमची आणखी एक बुडती नाव आधीच पाण्यात होती, फक्त आम्हाला माहीत नव्हती.

त्यांनी कॉन्टॅक्टर आणला, म्हणजे मोटारीसारख्या जड कामाचा मोठा स्विच. आता ईएसपीची छोटी रिले फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला इशारा देते, जड करंट कॉन्टॅक्टर सोसतो. त्याला समांतर एक साधा हिरवा-लाल पुशबटणाचा स्टार्टर ठेवला, आणि मध्ये एक चेंजओव्हर: वर केला की मशीन, खाली केला की माणूस. आईला तो अर्ध्या मिनिटात समजला. ॲप समजायला तिला दोन महिनेही पुरले नव्हते, आणि त्यात तिची चूक नव्हती.

टाकीतल्या सेन्सरनं मला रडवलं. आधी मी अल्ट्रासॉनिक लावला होता, आवाज सोडून अंतर मोजणारा. दिसायला भारी. पण उन्हाळ्यात झाकणाखाली वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब साचतो आणि अर्धी टाकी भरलेली दिसायला लागते. आठवडाभर आम्ही झाकण उघडून फडक्यानं त्याचं तोंड पुसत होतो. शेवटी स्टीलचे दोन साधे फ्लोट बसवले, एक वर, एक खाली. पाणी आलं की तरंगतात, आतलं चुंबक टोकं जुळवतं, संपलं. त्यांची वायर सरळ त्याच ईएसपीच्या पट्टीत. 'वरचा फ्लोट उचलला की मोटार बंद' हा नियम आता त्या पट्टीच्याच पोटात आहे. इंटरनेट जाऊ दे, राउटर जळू दे, वायफायचं नाव बदलू दे, त्याला फरक पडत नाही.

आता खरं सांगायचं तर एवढंच काम बाजारात मिळणारा साधा फ्लोट स्विच एकटा करतो. चिप नको, प्रोग्रॅम नको. मी तो का नाही लावला? हौस. आणि हौदात पाणी किती उरलंय, मोटार किती वेळ चालली हे मला बघायचं होतं. पण कुणी माझ्याकडं सल्ला मागायला आलं तर मी आधी हेच विचारतो, की बाबा, फ्लोट स्विचनं भागतंय का? भागत असेल तर घरी जा.

लाईटचं दुखणं वेगळं. हौसेनं आतल्या खोल्यांत चार वायफाय बल्ब लावले होते. एका रात्री अडीच वाजता गेलेली लाईट आली आणि चारही बल्ब फकाफक पेटले. या बल्बांची मूळ सवयच अशी, करंट मिळाला की पेटायचं. अण्णा काठी घेऊन उठले, आई "कोण हाय?" म्हणून ओरडली, कुत्री सुरू झाली. 'लाईट आल्यावर पूर्वीच्या अवस्थेत राहा' असा पर्याय सेटिंगमध्ये असतो. तो नसलेला बल्ब आमच्याकडं फुकटही घेऊ नये. ज्या गावात लाईट दिवसातून तीनदा जाते-येते, तिथं वस्तूची खरी परीक्षा ती चालू असताना होत नाही, पुन्हा चालू होताना होते.

असाच एक चमत्कार घड्याळाचा. या पट्ट्यांना स्वतःचं टिकणारं घड्याळ नसतं. चालू झाल्या की इंटरनेटवरून वेळ विचारतात. लाईट आली पण नेट नाही आलं, तर त्यांच्या लेखी १ जानेवारी १९७० उजाडलेलं असतं आणि पहाटे पाचचा टायमर काही वाजत नाही. घरातलंच एखादं यंत्र त्यांना वेळ सांगायला बसवावं लागतं. आमच्या घरी ते काम पोरीचा जुना लॅपटॉप करतो.

तो लॅपटॉप देवळीत बसलाय. जुन्या माळवदातली देवळी, जिथं आजी दिवा लावायची. काजळीचा डाग अजून आहे. लॅपटॉपवर होम असिस्टंट चालतं, घरातल्या सगळ्या वस्तू एका जागेवरून सांभाळणारा प्रोग्रॅम. पाउलुस स्खाउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं, फुकट आणि खुलं. लोक यासाठी रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक घेतात, पण त्याच्या मेमरी कार्डाला आपली येजा करणारी लाईट मानवत नाही, आणि यूपीएस वेगळा लागतो. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. मी शहाणपणा केला असं वाटलं, आणि सहा महिन्यांनी बॅटरी फुगून कीबोर्ड वर आला. चोवीस तास चार्जिंगला ठेवल्याचं फळ. आता नवी बॅटरी, आणि चार्जर एका टायमरवर.

त्याच लॅपटॉपला झिगबीची दांडी लावली आहे. झिगबी म्हणजे वायफायपेक्षा कमी ताकदीचा रेडिओ. नाव मधमाशीच्या वेड्यावाकड्या नाचावरून पडलंय. दाराचे, हालचालीचे, तापमानाचे छोटे सेन्सर यावर चालतात, नाण्याएवढ्या सेलवर वर्षभर निभावतात, आणि मुख्य म्हणजे त्यांना इंटरनेट माहीतच नाही. २०१८ पासून झिगबीटूएमक्यूटीटी नावाचा एक खुला दुभाषा आहे. त्यामुळं वेगवेगळ्या कंपन्यांचे सेन्सर त्यांच्या-त्यांच्या डब्याशिवाय एकाच दांडीवर बोलतात. मला विचाराल तर स्वस्तात आणि बिनघोर हवं असेल त्यानं वायफायपेक्षा इथूनच सुरुवात करावी. दांडी लॅपटॉपच्या निळ्या यूएसबी खाचेत थेट खोचू नका, हाताएवढी वायर मध्ये घाला. त्या खाचेचाच गोंगाट तिला बहिरं करतो. हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

आणि आमचं माळवद! भूकंपानंतर, म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीनंतर, अण्णांनी मागं स्लॅबच्या दोन खोल्या काढल्या. पुढचं माळवद पाडायचं पाडायचं म्हणत राहूनच गेलं. दोन फुटांची दगडमातीची भिंत. उन्हाळ्यात आत गारवा, आणि रेडिओ लहरींना मज्जाव. मागच्या न्हाणीतला सेन्सर देवळीपर्यंत पोचेचना. झिगबीत वाटेवरचा प्लग पुढच्याला निरोप पोचवतो, सेलवरचे सेन्सर मात्र पोचवत नाहीत. म्हणून ओसरीत एक झिगबी प्लग लावला आणि न्हाणी बोलायला लागली. दर गुरुवारी मात्र गप व्हायची. महिनाभर मी चॅनेल बदलतोय, दांडी फिरवतोय. आई गुरुवारी सकाळी मिक्सर ओसरीत आणून चटणी वाटते आणि प्लग काढून कोनाड्यात ठेवते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. "तू विचारलंस कुठं?" असं तिचं म्हणणं.

न्हाणीचा सेन्सर कशाला, तर अण्णा रात्री दोनदा उठतात. पाऊल पडलं की वाटेवरचा मंद दिवा लागतो, दोन मिनिटांनी विझतो. सगळ्या खटाटोपात हे एकच काम असं आहे की जे पूर्वी होत नव्हतं आणि आता होतं. कॅमेराही लावणार होतो. घरातल्याच डिस्कवर रेकॉर्ड करणारा, राउटरमध्ये बाहेरची वाट बंद केलेला, सगळं बघून ठेवलं होतं. आई म्हणाली, "घरात राहिलं काय आणि बाहेर गेलं काय, बघणारा तूच ना? मला न्हाऊन केस वाळवत बसायचं असतं." कॅमेरा आला नाही.

दुकानात आता मी फार बोलत नाही. खातं न काढता चालतं का, एवढं विचारतो. दुकानदाराला बहुधा माहीत नसतं. त्याचा दोष नाही. डब्यावर अमक्या-तमक्या बोलक्या डब्यासोबत, म्हणजे स्मार्ट स्पीकरसोबत, चालतं असं छापलेलं असलं, तर त्याचा अर्थ बऱ्याचदा दोन सर्व्हर एकमेकांशी बोलतात असाच. मॅटरचं चिन्ह असेल तर जरा बरं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्या मानकात वस्तूशी घरातल्या घरात बोलता येतं. तरी नियंत्रण करणारं काहीतरी घरात लागतं, आणि काही कंपन्या तरीही आधी आपलं ॲप उघडायला लावतात. घेतल्याच्या दिवशी राउटरची इंटरनेटची वायर काढून बघायची. चालली तर ठेवायची, नाही तर बिल जपलेलं असतंच.

यात एक गोष्ट लोक सांगत नाहीत. क्लाउड काढून टाकला की कंपनी आपणच होतो. रात्री अकराला आईचा फोन येतो आणि तक्रार निवारण केंद्र म्हणून मी उठतो. म्हणून एक दोनशे पानी वही केली. अण्णांच्या अक्षरात, निळ्या-लाल पेनानं सर्किट काढलेलं, खाली: 'मशीन ऐकेना तर चेंजओव्हर खाली. मग पोराला फोन. आधी नाही.' लातूरहून मोटार चालू-बंद करायची सोय मी ठेवलेली नाही. खाजगी बोगद्यानं, म्हणजे व्हीपीएननं, औशाचं पान फोनवर दिसतं, पण नुसतं बघण्यापुरतं. हातात बटण असलं की दाबावंसं वाटतंच.

परवा महिन्याचा पहिला रविवार होता. सकाळी आठला फोनवर औशाचं पान पांढरंफटक पडलं. दोन मिनिटं वाट बघितली, पाच मिनिटं बघितली. मे महिन्यातला चिखल डोळ्यांपुढं आला आणि मी फोन लावला.

"काही नाही रे," आई म्हणाली. "राउटरची वायर काढून वर टाकीपाशी जाऊन बसलेत. परीक्षा घ्यायलेत म्हणं. दर महिन्याला घेणार म्हणं."

मागून मोटारीची घरघर येत होती. आईनं फोन कानाला तसाच धरून ठेवला होता. तिकडं पोह्यांना फोडणी बसल्याचा आवाज आला. मग खटकन कॉन्टॅक्टर सुटला आणि घरघर थांबली. वरून अण्णा ओरडले, "वेळ लिही! आठ वाजून एकवीस!"

"तूच लिही आता," आई मला म्हणाली. "माझे हात भरलेत."